म गणाचा सांधा: एका फिबोनाची वलयातली जास्तीची पातळी

पार्श्वभूमी

हे प्रकरण एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षातल्या एका प्रकल्पाचं आहे. विद्यार्थिनीचं आणि कॉलेजचं नाव इथे देत नाही. मी तिची गाइड होते. विषय होता अनावर्ती घन पदार्थांमधल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा-पातळ्या. प्रकल्प संपायला तीन आठवडे उरलेले असताना आमच्या वलयात, म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेल्या अणूंच्या साखळीत, एक जास्तीची पातळी दिसली. ती खरी की खोटी, हे ठरवताना आम्ही काय केलं आणि काय करायला हवं होतं, ते सविस्तर लिहिते आहे. या विषयात नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण याच वळणावरून जातो.

अनावर्ती घन पदार्थ म्हणजे काय, ते थोडक्यात. एप्रिल १९८२ मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या डॅन शेख्टमन यांना झटकन थंड केलेल्या अ‍ॅल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत दहा पदरी सममिती असलेलं विवर्तन-चित्र, म्हणजे पदार्थातून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांनी उमटवलेलं ठिपक्यांचं चित्र, दिसलं. ठिपके तर अगदी रेखीव होते, आणि अशी सममिती पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचनेत शक्यच नसते. अशा, नियमबद्ध पण पुन्हा पुन्हा न येणाऱ्या, म्हणजे अनावर्ती रचनेच्या पदार्थाला क्वासिक्रिस्टल म्हणतात. निबंध छापून यायला १९८४ उजाडलं. पुढच्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनीही दशकोनी क्वासिक्रिस्टलवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. स्फटिक म्हणजे आवर्ती रचना, ही व्याख्या स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९२ मध्ये बदलली. आता रेखीव विवर्तन-चित्र देतो तो स्फटिक, मग तो आवर्ती असो वा नसो. शेख्टमन यांना २०११ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तीन मितींतला क्वासिक्रिस्टल विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर मावत नाही. म्हणून सुरुवात एका मितीतल्या फिबोनाची साखळीपासून करतात. तिच्यात अणू दोन प्रकारचे असतात आणि त्यांचा क्रम एका नियमाने वाढत जातो. इंग्रजी पुस्तकांत या दोन प्रकारांना रोमन अक्षरं देतात. आम्ही पहिल्याच दिवशी त्यांना ग आणि ल म्हणायचं ठरवलं, गुरु आणि लघु. नियम असा: प्रत्येक ग च्या जागी गल लिहायचं आणि प्रत्येक ल च्या जागी ग. ग पासून सुरुवात केली की गल, मग गलग, मग गलगगल, मग गलगगलगलग. लांबी १, २, ३, ५, ८ अशी वाढत जाते.

गुरु-लघु ही नावं केवळ सोयीची नव्हती. आलेखाच्या कागदावर १.६१८ चढाची सरळ रेषा काढा. एका उभ्या रेषेपासून पुढच्या उभ्या रेषेपर्यंत जाताना ही रेषा कधी दोन आडव्या रेषा ओलांडते, कधी एक. दोन ओलांडल्या तर ग, एक ओलांडली तर ल. गुरूच्या दोन मात्रा आणि लघूची एक. कागदाचा पहिला चौकोन सोडून मोजायला लागलं की मिळणारा क्रम नेमका वरच्या नियमाचाच असतो. पहिल्या २०० अक्षरांत १२४ गुरु आणि ७६ लघु येतात, म्हणजे एकूण ३२४ मात्रा. हे मोजायला संगणकही लागत नाही. २०१ ला १.६१८०३४ ने गुणायचं, अपूर्णांक टाकायचा आणि एक वजा करायचा.

चौकोनी जाळी, तिच्यातून जाणारी अपरिमेय चढाची रेषा, आणि रेषेजवळचे बिंदू तेवढे उचलायचे. क्वासिक्रिस्टलच्या गणिताचा पाया हाच आहे. तीन मितींतल्या वीसफलकी क्वासिक्रिस्टलसाठी जाळी सहा मितींची घ्यावी लागते, पण कल्पना तीच राहते.

मॉडेल साधं टाइट-बाइंडिंगचं होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन एखाद्या अणूवर बसतो आणि तिथून शेजारच्या अणूवर उडी मारतो. शेजारच्या अणूवर उडी मारण्याची तीव्रता १. ग अणूची स्वतःची ऊर्जा ०, ल अणूची ६. इतका मोठा फरक घेतला की चित्र कागदावरही समजतं. एकटा ग, म्हणजे दोन्ही बाजूंना ल असलेला, आपली पातळी शून्याच्या जरा खाली ठेवतो. जोडीने आलेले गग अधिक १ आणि उणे १ च्या आसपास दोन पातळ्या देतात. ल अणूंच्या पातळ्या सहाच्या वर जातात. ग चे बँड, म्हणजे जवळजवळ असलेल्या पातळ्यांचे पट्टे, सुमारे ०.९ ला संपतात आणि मग थेट सहाच्या पुढेपर्यंत मोठा गॅप, म्हणजे पातळ्या नसलेली जागा.

अडचण

तिने २०० अणू घेतले. संख्या गोल होती, मॅट्रिक्स लगेच सुटत होती, आणि मलाही त्यात काही गैर वाटलं नाही. या प्रकरणातला हा पहिला निर्णय. तो निर्णय आहे हेच तेव्हा आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

उघड्या साखळीत मोठा गॅप स्वच्छ होता. खालच्या एका लहान गॅपमध्ये, उणे ०.१६ पाशी, एकच पातळी होती आणि तिचा तरंग पहिल्या अणूवर एकवटलेला होता. तो टोकाचा परिणाम आहे हे उघड होतं. टोकाच्या ग ला एकाच बाजूला ल शेजारी आहे, म्हणून त्याची ऊर्जा बाकीच्यांइतकी खाली ढकलली जात नाही. मी सांगितलं, "टोकं नकोत ना, मग वलय कर. शेवटचा अणू पहिल्याला जोड."

दुसऱ्या दिवशी ती आली ती आनंदातच. वलय केल्यावर मोठ्या गॅपमध्ये, १.३३ ला, एक लखलखीत एकटी पातळी आली होती. आधी तिथे काहीच नव्हतं. तिचा तर्क असा: उघड्या साखळीत टोकांचा गोंधळ होता, वलयाला टोकच नाही, म्हणून वलयात जे दिसतं ते साखळीचं अंगभूत. ऐकायला हा तर्क बिनतोड आहे. मीसुद्धा दोन दिवस तो धरून चालले.

एक गोष्ट मात्र खटकत होती. या पातळीच्या तरंगाचा आलेख काढला तेव्हा उजव्या कडेला, २०० व्या अणूवर, उंच टोक होतं, त्याला लागून १९९ वर त्याच्या निम्मं, आणि पार डाव्या कडेला १ वर आणखी एक निम्मं. मधे सपाट. आलेखाच्या दोन कडांना तुटलेले दोन तुकडे दिसत होते. तिला वाटलं, आलेख काढण्यात चूक आहे. खरं तर वलयात २०० आणि १ हे शेजारी, त्यामुळे तो एकच डोंगर होता, फक्त कागदाच्या कडेने कापलेला. वलयाला टोक नसेल तर ही पातळी नेमकी सांध्यावरच का बसली आहे? हा प्रश्न आम्ही आठवडाभर विचारलाच नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता ते तसंच लिहून टाकण्याचा. प्रकल्पात 'गॅपमधील एकाकी अवस्था' असं एक प्रकरण झालं असतं, आलेख देखणे होते, आणि परीक्षकांना आवडलंही असतं. मुलीची त्यामागे बरीच मेहनत होती. हा मोह तिला होता आणि मलाही होता.

दुसरा पर्याय म्हणजे साखळी वाढवून बघणं. पातळी अंगभूत असेल तर ती टिकेल, नसेल तर जाईल, अशी अपेक्षा. सरावाने सगळे हेच करतात.

तिसरा, गॅपच्या खालच्या पातळ्या मोजणं. यामागे एक खोल प्रमेय आहे. ज्याँ बेलिसार यांनी १९८० च्या दशकात के-थिअरी ही गणिताची शाखा वापरून दाखवलं की अशा साखळीत गॅपच्या खाली असलेल्या पातळ्यांचं एकूण पातळ्यांशी प्रमाण मनाला येईल ते असू शकत नाही. फिबोनाची साखळीसाठी ते प्रमाण नेहमी 'एक पूर्णांक, अधिक दुसरा पूर्णांक गुणिले ०.६१८' याच रूपात येतं: ०.६१८, ०.३८२, ०.२३६, ०.७६४ आणि असेच पुढे. गॅप अरुंद होवो की रुंद, ऊर्जेचा फरक ६ असो की २, हा आकडा हलत नाही. याला गॅपचं लेबल म्हणतात.

चौथा पर्याय ट्रेस मॅपचा. १९८३ मध्ये कोहमोतो, काडानॉफ आणि तांग यांनी, आणि स्वतंत्रपणे ओस्टलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अनंत साखळीत एखादी ऊर्जा चालते की नाही हे तपासायला मॅट्रिक्स सोडवावीच लागत नाही. तीन संख्यांपासून सुरुवात करायची आणि एकच सूत्र चालवत राहायचं: पुढची संख्या म्हणजे शेवटच्या दोन संख्यांच्या गुणाकाराची दुप्पट, उणे त्यांच्या आधीची. संख्या मर्यादेत राहिल्या तर ती ऊर्जा साखळीच्या वर्णपटात, म्हणजे शक्य ऊर्जांच्या संचात, आहे, सुटून पळाल्या तर नाही.

पाचवा पर्याय सांधा उघडून अक्षरं वाचण्याचा. तो आमच्या यादीत नव्हताच.

आम्ही काय केलं

आम्ही दुसरा पर्याय घेतला, कारण तो हाताशी होता. तिने १०० पासून ८०० पर्यंत, शंभराच्या टप्प्याने, आठ वलयं सोडवली. १.३३ ची पातळी २०० ला होती, ३०० ला होती आणि ८०० ला होती. १००, ४००, ५००, ६०० आणि ७०० ला नव्हती.

यातून काहीच निष्कर्ष निघेना. वाढत्या लांबीबरोबर ती विरत गेली असती तर समजलं असतं, टिकली असती तरी समजलं असतं. ४०० ला गेलेली पातळी ८०० ला तशीच्या तशी, दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत त्याच जागी परत येते, याचा अर्थ लावता येईना. तिने प्रोग्राम दोनदा तपासला. तिसऱ्यांदा मी तपासला. प्रोग्राम बरोबर होता.

मग लेबल पाहिलं. २०० च्या वलयात १.३३ च्या खाली १२३ पातळ्या होत्या, ती धरून १२४. प्रमाण ०.६१५ किंवा ०.६२०. लेबल ०.६१८, दोन्हींच्या मधोमध. २०० गुणिले ०.६१८ म्हणजे १२३.६, आणि पातळी अपूर्णांकात मोजता येत नाही. ती म्हणाली, "मॅडम, राउंडिंग आहे." मी मान डोलावली. आता वाटतं, तिथेच थांबायला हवं होतं. २०० अणूंच्या वलयात हे लेबल बसूच शकत नाही, याचा अर्थ हे वलय फिबोनाची साखळीचं प्रामाणिक प्रतिनिधी नाही. प्रमेयाने आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही ते राउंडिंग म्हणून सोडून दिलं.

वळण लागलं ते साध्या वाचनाने. एका संध्याकाळी मी तिला म्हटलं, वलय जिथे जोडलं आहे तिथली अक्षरं फळ्यावर लिही. शेवटची दहा आणि पहिली दहा. तिने लिहिलं:

लगलगगलगलगग | गलगगलगलगगल

तिचं शालेय शिक्षण मराठी माध्यमातलं. 'यमाताराजभानसलगा' तोंडपाठ. तिने वृत्त म्हणतात तसं ते तीन-तीन अक्षरांनी म्हणून पाहिलं, सांध्यापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, इथे म गण पडतोय. मी मघापासून म्हणतेय, बाकी कुठे म गण नाही आला."

तिचं बरोबर होतं. सांध्यावर डावीकडचे दोन गुरु आणि उजवीकडचा एक, मिळून गगग. आम्ही लगेच पहिल्या दहा हजार अक्षरांत शोधलं. म गण एकदाही नाही. मग फळ्यावरच सिद्धता झाली, ती इतकी छोटी आहे की इथे देते. ल नेहमी गल मधूनच येतो, म्हणून त्याच्या आधी ग असतोच. लल कधी येत नाही. आता गगग आलं असं समजा. त्यातल्या पहिल्या ग च्या पुढे ल नाही, म्हणजे तो आधीच्या पिढीतल्या ल पासून झाला. दुसऱ्याचंही तेच. म्हणजे आधीच्या पिढीत लल होतं, आणि ते तर शक्य नाही.

आठ गणांपैकी या अनंत शब्दात चारच येतात: य, र, त आणि ज. भ, स आणि न गणांत दोन लघु लागून येतात, म्हणून ते बाद. म गण वरच्या कारणाने बाद. तीन अक्षरी तुकडे चार, चार अक्षरी पाच, पाच अक्षरी सहा. अनावर्ती शब्दात तुकड्यांची संख्या यापेक्षा कमी असूच शकत नाही. फिबोनाची साखळी इतकी शिस्तीची असते, आणि आम्ही नेमकी ती शिस्त सांध्यावर मोडली होती.

त्यानंतर भौतिकशास्त्र आपोआप उलगडलं. गग जोडीच्या पातळ्या अधिक-उणे १ ला. तीन ग सलग आले तर पातळ्या शून्याला आणि अधिक-उणे १.४१४ ला, कारण तिथे दोनचं वर्गमूळ येतं. शेजारच्या ल अणूंचा दाब धरला की वरची १.३३ ला उतरते. हीच ती आमची पातळी. तरंगाचं वजन मधल्या अणूवर निम्मं आणि बाजूच्या दोघांवर पाव-पाव, हेही तीन अणूंच्या हिशोबाशी जुळलं. मग तिची जोडीदारही असायला हवी, खाली. आम्ही पाहिलं, उणे १.५ च्या जवळ, सर्व बँडच्या खाली, एक पातळी एकटी बसलेली होती. ती पहिल्या दिवसापासून तिथे होती. मोठ्या गॅपकडेच डोळे लागलेले असल्यामुळे तिला आम्ही बँडची कड समजलो होतो.

आता आठ वलयांचं कोडं. वलय बंद करायचं म्हणजे आलेखाच्या कागदावरची रेषा जिथून निघाली तिथे परत यायला हवी, म्हणजे लांबी गुणिले १.६१८०३४ हा पूर्णांकाच्या जवळ पडायला हवा. २०० चं उत्तर ३२३.६०७, जवळच्या पूर्णांकापासून अंतर ०.३९३. ३०० चं अंतर ०.४१०. ८०० चं ०.४२७. बाकीचे: १०० चं ०.१९७, ४०० चं ०.२१४, ५०० चं ०.०१७, ६०० चं ०.१८०, ७०० चं ०.३७६. अंतर ०.३८२ च्या वर गेलं की सांध्यावर म गण पडतो, खाली राहिलं तर पडत नाही. ७०० थोडक्यात सुटलं. आठही वलयं या एका ओळीच्या कसोटीत बसली.

हे अंतर म्हणजे नुसता हिशोबाचा शिल्लक भाग नाही. चौकोनी जाळीच्या चित्रात ती रेषेला काटकोनात मारलेली उडी आहे, अशा दिशेला जी खऱ्या पदार्थात दिसत नाही. क्वासिक्रिस्टलच्या अभ्यासकांनी या दिशेतल्या हालचालीला फेझॉन असं नाव दिलं आहे. आमच्या वलयाला टोक नव्हतं, पण तिथे फेझॉनचा एक झटका होता.

त्या रात्री तिने मला मेसेज केला की ४०० च्या वलयात मोठा गॅप स्वच्छ असला तरी ०.८ च्या आसपासच्या बँडमधल्या एका अगदी बारीक गॅपमध्ये परक्या पातळ्या आहेत. सांध्यावर गगग नव्हतं, ललही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही नियम उलटा चालवला: गल च्या जागी ग, एकट्या ग च्या जागी ल. एक पिढी मागे गेलो, काही नाही. दुसरी पिढी, लगलगल असा तुकडा दिसला. तिसरी पिढी, आणि सांध्यावर म गण. दोष तोच होता, फक्त तीन पिढ्या आत, म्हणून त्याची पातळीही तितक्याच बारीक गॅपमध्ये. या साखळीच्या गणितातली मला सगळ्यात प्रिय गोष्ट हीच आहे. अक्षरांची उतरंड आणि ऊर्जेची उतरंड एकमेकींशी इतकी घट्ट बांधलेली आहेत की एकीतला दोष दुसरीत नेमक्या त्याच पायरीवर सापडतो.

निष्पत्ती

लांबी बदलून ८९, १४४ आणि २३३ केली. २३३ गुणिले १.६१८०३४ म्हणजे ३७७.००२, अंतर ०.००२. फिबोनाची लांबीचा शब्द स्वतःलाच जोडला तर होणारा तुकडा अनंत शब्दातही कुठेतरी सापडतोच, त्यामुळे सांधा असूनही नियम मोडत नाही. २३३ च्या वलयात ५५ गग जोड्या, ३४ एकटे ग आणि ८९ ल. पातळ्या खालून मोजल्या: ५५, मग गॅप, ३४, मग गॅप, ५५, मग मोठा गॅप, ८९. गॅपच्या खालची प्रमाणं ५५/२३३ म्हणजे ०.२३६, ८९/२३३ म्हणजे ०.३८२, १४४/२३३ म्हणजे ०.६१८. तिन्ही लेबलं तिसऱ्या दशांशापर्यंत बरोबर, आणि कुठल्याही गॅपमध्ये परकी पातळी नाही.

शेवटी ट्रेस मॅपही चालवला, हाताने. ऊर्जा १.३३ घेतली की संख्या अशा येतात: १, उणे २.३३५, ०.६६५, उणे ४.१०६, उणे ३.१२५, २५.०, उणे १५२. लागोपाठच्या दोन संख्या १ च्या बाहेर गेल्या आणि त्यांचा गुणाकार त्यांच्या आधीच्या संख्येपेक्षा मोठा ठरला, की परतीची वाट नाही. ते पाचव्या संख्येलाच झालेलं आहे. अनंत फिबोनाची साखळीत १.३३ ही ऊर्जा नाही, हे चार गुणाकारांत, पेन आणि कागदावर, दहा मिनिटांत कळलं असतं.

प्रकल्पातून 'एकाकी अवस्था' हे प्रकरण गेलं. त्या जागी तिने सांध्याच्या दोषावर लिहिलं: अंतर किती, म गण कितव्या पिढीत, पातळी कोणत्या गॅपमध्ये. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं की असा दोष खऱ्या नमुन्यात पडू शकतो का. पडू शकतो. गॅलियम आर्सेनाइड आणि अ‍ॅल्युमिनियम आर्सेनाइडचे थर फिबोनाची क्रमाने चढवलेले नमुने १९८५ मध्येच तयार झाले होते. थर चढवताना क्रम एका जागी चुकला तर तिथेही नियमाबाहेरचा तुकडा तयार होईल. आमच्यासाठी जी चूक होती, ती प्रयोगशाळेतल्या माणसासाठी नमुन्याच्या प्रतीची खूण ठरू शकते. हे उत्तर तिने स्वतः दिलं.

निर्णयांकडे मागे वळून बघताना

'वलय कर' हे मी सांगितलं आणि किती लांबीचं ते सांगितलं नाही, ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक माझी. आवर्ती स्फटिकात वलय कुठेही बंद करा, पूर्ण एकक मोजून घेतलं की झालं. ती सवय माझ्या हाताला इतकी बसली होती की अनावर्ती साखळीत बंद करण्याची जागा हाच खरा प्रश्न आहे, हे बोलून दाखवायचं राहून गेलं.

लांबी दुप्पट करून बघण्याचा पर्याय निवडला त्याबद्दलही आता वेगळं वाटतं. २०० वरून ४०० ही दुप्पट आपल्याला सरळ दिसते, पण १.६१८ च्या हिशोबात त्या दोन संख्यांचं एकमेकींशी काही नातं नाही. योगायोगाने आम्ही २००, ३०० आणि ८०० एवढंच पाहिलं असतं तर पातळी 'टिकली' म्हणून तिच्यावर शिक्कामोर्तब केलं असतं. १००, ४०० आणि ५०० पाहिलं असतं तर ती कधी दिसलीच नसती, आणि बारीक गॅपमधला दोष तसाच प्रकल्पात राहिला असता. ही दुसरी शक्यता मला जास्त अस्वस्थ करते.

प्रमेयांचा उपयोग आम्ही उशिरा केला. अंड्राश श्युटो यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलं आहे की फिबोनाची साखळीचा वर्णपट शून्य मापाचा कँटर संच, म्हणजे जागोजागी गॅपनी तुटलेला आणि एकूण लांबी शून्य असलेला संच, असतो आणि त्यात एका जागी एकवटलेल्या अवस्था नसतात. आमची पातळी तीन अणूंवर एकवटलेली होती. हे प्रमेय मी स्वतः वर्गात शिकवलेलं होतं, आणि तरीही आलेखावरचा डोंगर बघून मनात आलं ते 'काहीतरी नवं' हेच. त्या दिवशी श्युटो यांचा निष्कर्ष आणि आमचा आलेख शेजारी-शेजारी ठेवून, यातलं एक चुकलं आहे, कुठलं ते शोध, असं तिला सांगितलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

ते दोन आठवडे वाया गेले असं मात्र मी तिला म्हणणार नाही. २३३ ने सुरुवात केली असती तर सगळे आकडे पहिल्या दिवशी जुळले असते, आणि सांधा म्हणजे काय हे तिला कधी कळलं नसतं. पुढच्या विद्यार्थ्यांना मी आता दोन्ही वलयं मुद्दाम देते, आधी २०० चं आणि मग २३३ चं, आणि फरक का पडला हे त्यांनीच शोधायचं असतं. फक्त ते प्रकल्पाच्या पहिल्या महिन्यात, शेवटच्या तीन आठवड्यांत नाही.

तिचा प्रोग्राम अजून आमच्या लॅबमध्ये वापरात आहे. वलयाची लांबी विचारल्यावर तो आधी १.६१८०३४ ने गुणून पूर्णांकापासूनचं अंतर छापतो, आणि ते ०.०१ च्या वर असेल तर पुढे जात नाही. ५०० घातले तरी थांबतो.